तिसऱ्याला जरा जास्त

३ मार्च, सोमवार

सकाळी चहा तोंडाला लावते न लावते तोच नियतकालिकाच्या संपादकीणबाईंचं पत्र. चार ओळी गोड आणि पाचवी विषारी. कुठल्याशा परदेशी प्रयोगशाळेने आमचा दोन वर्षांपूर्वीचा लेख वाचला, त्यात लिहिलंय तस्सं सगळं अकरा वेळा करून पाहिलं आणि अकराही वेळा काही म्हणजे काही घडलं नाही. तेव्हा मी एकतीस तारखेच्या आत प्रयोग पुन्हा करून दाखवावा, नाहीतर लेख मागे घ्यावा. शेवटी 'आपल्या सवडीने' असंही आहे. अठ्ठावीस दिवसांची सवड!

तो लेख म्हणजे माझं अकरा वर्षांतलं एकमेव धड काम. तो गेला तर माझ्याकडे दाखवायला काय उरतं? एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि हौदात चाळीस बेडक्या.

नवऱ्याला सांगावं म्हटलं तर तो दवाखान्यात निघून गेला होता. फ्रिजवर चिठ्ठी: 'सिंकखालचा पाइप गळतोय. बोलू.' आजच्याच दिवशी पाइप!

४ मार्च, मंगळवार

थोरल्या बहिणीचा फोन. "अजून बेडकीच्या अंड्यांतच आहेस का गं?" हे ती दर फोनला विचारते. आज मीही चिडून सगळं सांगितलं, आता ऐकच म्हटलं.

चेतापेशीच्या सालीवर बारीक बारीक दारं असतात. एकेक दार पाच तुकडे गोलाकार उभे राहून बनतं. ठरावीक रसायन येऊन चिकटलं की दार उघडतं, क्षाराचे कण आत वाहतात आणि पेशी शांत होते. पण पाचही तुकडे एका प्रकारचे नसतात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांनी मिळूनसुद्धा दार होतं, चालतंही. फक्त ते झोपेच्या औषधाला भीक घालत नाही आणि जस्त जरा लागलं की बंद पडतं. त्याच पाचांत एक, फक्त एक, तिसऱ्या प्रकारचा तुकडा शिरला की दाराचा स्वभावच पालटतो. मग झोपेचं औषध दिलं की दुप्पट वाहतं आणि जस्ताला जुमानत नाही. बेडकीचं अंडं एवढ्यासाठी की ते मोठं असतं आणि आज्ञाधारक असतं. आरएनए म्हणजे चिठ्ठी. आपण जी चिठ्ठी टोचू तो तुकडा ते बनवून देतं. आमच्या लेखाचं म्हणणं एवढंच, की तिन्ही चिठ्ठ्या समप्रमाणात टोचल्या तरी तिसरा आपली जागा आपण मिळवतो. समप्रमाणात. सगळी मौज त्या एका शब्दात आहे.

बहीण म्हणाली, "म्हणजे धाकट्याला कुणी पुढे ढकलावं लागत नाही, असंच ना?"

विज्ञानाला घरगुती उपमा लावल्या की माझ्या डोक्यात तिडीक जाते. फोन ठेवला.

६ मार्च, गुरुवार

सुरुवात केली. हाताशी आहे टाचणी. माझी विद्यार्थिनी, दुसरं वर्ष. अंगाने बारीक आणि बसल्या जागी टोचणारी, म्हणून टाचणी. हे नाव मी फक्त इथे वापरते. (मला वाटतं तिला माहीत आहे.)

आधी टोचायचं काम काका करायचे. आमचे तंत्रज्ञ. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. हात सोन्याचा, पण जुना माणूस, नोंदी लिहायचा कंटाळा. तिन्ही आरएनए एकत्र करायचे, सुई भरायची, अंडी टोचायची, सगळं मान खाली घालून आणि अक्षर न बोलता. बोलण्याची आवड नव्हतीच त्यांना. शिवाय हाताला गळती. काकांच्या काळात तिसऱ्या आरएनएची नळी सारखी संपायची. पहिला आणि दुसरा वर्षातून एकदा बनवला की पुरे, पण तिसरा चार-चार, पाच-पाच वेळा. सांडत असणार. वयाचा दोष, काय बोलणार. टाचणीच्या हातून थेंब वाया जात नाही, चार महिन्यांत तिन्ही नळ्या कशा सारख्या उतरल्यात. तेवढं एक सुख.

१० मार्च, सोमवार

अंडी टोचून दोन-तीन दिवस ठेवायची असतात, तशी ठेवली, आज मोजली. चोवीस अंडी. प्रत्येकात दोन इलेक्ट्रोड खुपसायचे, औषध सोडायचं आणि पडद्यावरची रेघ किती खाली जाते, म्हणजे दारातून किती वाहतं, ते बघायचं. आधी नुसतं रसायन: रेघ खाली, छान. मग रसायन आणि झोपेचं औषध: रेघ तेवढीच. चोवीसच्या चोवीस! जस्त सोडलं तर दार फटकन बंद. म्हणजे पहिला आणि दुसरा यांनीच आपसांत दार उभारलंय आणि तिसऱ्याचा पत्ता नाही.

टाचणी म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी जुनी वही बघत होते, तिसऱ्याच्या नळी—"

"आधी पाणी कुठून आलं ते बघ," मी म्हटलं. "अख्खं पाणी बदल. पाण्यात जस्त असणार."

गेली. तोंड एवढंसं करून. हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

११ मार्च, मंगळवार

पाण्यात जस्त नाही.

१४ मार्च, शुक्रवार

नवं पाणी, नव्या सुया, नव्या बेडकीची अंडी. तीस अंडी, तीसही तशीच. मग उष्णता बदलली. मग मीठ दुसऱ्या बाटलीतलं घेतलं. मग काचेची नळी ओढायच्या यंत्राला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे मी अकरा वर्षं याच अंगणात नाचले आहे आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या आहेत!

टाचणी मधेच, "प्रमाणाबद्दल मला—"

प्रमाण! एकास एकास एक. यात न कळण्यासारखं काय आहे? पिपेटवर आकडा लावायचा आणि बटण दाबायचं. म्हटलं, बाई, बोलण्यात जातो तेवढ्या वेळात दोन अंडी टोचून होतात.

घरी आले तर नवरा जेवून वाचत बसलेला. दातांचा डॉक्टर, रोज वीस लोकांना आ करायला लावतो आणि घरी आला की स्वतःचं तोंड उघडत नाही. मी सगळं सांगितलं, पाण्यापासून मिठापर्यंत, तासभर. शेवटी तो म्हणाला, "मला वाटतं—" आणि मला एकदम आठवलं की बेडक्यांना खाणं घातलेलं नाही. फोन करून होईतो त्याने दिवा मालवला होता. फ्रिजवर नवी चिठ्ठी: 'पाइप. बादली ठेवली आहे.'

१७ मार्च, सोमवार

नाइलाजाने काकांना फोन केला. उरलेत चौदा दिवस. हाताचा काहीतरी गुण असणार, सुई कुठल्या कोनात घालतात वगैरे. "दोन दिवस येऊन टोचून जाल का?" म्हटलं. काका म्हणाले, "येतो की."

कशासाठी, काय झालं, एक प्रश्न नाही. हा माणूस असाच.

१९ मार्च, बुधवार

काका आले. बरोबर नऊला, घरून आणलेला पांढरा कोट घालून. खुर्ची दोन बोटं खाली केली, चष्मा बदलला, सूक्ष्मदर्शकाची धूळ रुमालाने पुसली. (धूळ होती. टाचणीला बोलायला हवं.) तेवढ्यात भांडारातून फोन आला, हातमोजे पाठवायला त्यांना माझी सही तीन कागदांवर हवी होती. सही, सही, आणि मग त्या माणसाशी वाद. परत आले तोवर मिसळून झालं होतं, सुई भरली होती आणि काका अंडी टोचत होते. चाळीस अंडी पाऊण तासात.

कोन बघून ठेवला. पंचेचाळीस अंश. टाचणीही पंचेचाळीसच धरते. मग फरक कशात?

जाताना टाचणी दारात घुटमळत होती. "मॅडम, काका मिसळत होते ना तेव्हा—"

"परवा सांग," म्हटलं. "परवा कळेलच."

२१ मार्च, शुक्रवार

आलं!!! झोपेचं औषध सोडलं आणि रेघ दुप्पट खाली. दुसरं अंडं, तेच. तिसरं, तेच. जस्त सोडलं, हूं की चूं नाही. चाळीसपैकी सदतीस. मी खुर्चीतून उठून टाचणीचा हात धरला. लेख खरा. मी खरी.

आणि तिने हात सोडवून घेतला आणि एका दमात, मी थांबवायच्या आत सांगून टाकलं: "मॅडम, काकांनी पहिल्याचं बटण एकदा दाबलं, दुसऱ्याचं एकदा, आणि तिसऱ्याचं आठ वेळा. मी मोजलं."

काका तिथेच होते, सुया पुसत.

"काका, आठ?"

"आठ? असतील. मी मोजत नाही. अंडं बघून घालतो. फिकट असलं तर थोडं जास्त."

"अहो, लेखात एकास एक छापलंय!"

"ते तुम्ही लिहिलंत, मॅडम."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अकरा वेळा त्या परक्या लोकांनी इमानदारीत केलं ते बरोबर, आणि आम्ही जगाला सांगितलं ते चूक. समप्रमाणात तिसरा आत जातच नाही. त्याची झुंड दाराशी लोटावी लागते तेव्हा कुठे एक शिरतो. लेखाचा कणाच मोडला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही; आवाज जिन्यापर्यंत गेला असं शेजारच्या खोलीतल्यांनी नंतर सांगितलं. शेवटी विचारलं, "मला सांगायला नको होतं?"

काकांनी चष्मा घरात घातला. घर खिशात घातलं. "सांगितलं होतं."

"कधी?"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? कधी सांगितलंत?"

कोट घडी करून पिशवीत ठेवला आणि गेले. चूक करायची ती करायची आणि वर फुगून बसायचं!

२२ मार्च, शनिवार

मोठ्या सरांकडे गेले. आमचे विभागप्रमुख, डोळे मिटून ऐकतात, झोपले असं वाटतं पण नसतात. म्हणाले, "लेख मागे घ्यायचं कारण नाही. दुरुस्ती छापू. 'तंत्रज्ञाच्या नजरचुकीमुळे प्रमाणाची नोंद चुकीची झाली.' एवढंच. तुमच्यावर काही येत नाही, आणि तो माणूस तर निवृत्त झालाय, त्याचं काय बिघडतंय?"

वाक्य चांगलं आहे. खोटंही नाही. घरी येऊन तीनदा लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा पटलं. तरी चौथ्यांदा लिहायला का बसले कोण जाणे.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने चक्क पुस्तक मिटलं. "त्यांनी सांगितलं नव्हतं, याची खात्री आहे?"

"शंभर टक्के! मी रोजचं रोज लिहून ठेवते."

"मग बघ की काढून."

बघतेच. त्या वर्षीची वही काढते आणि पुरावा म्हणून जवळ ठेवते, म्हणजे उद्या कुणी तोंड उघडायला नको.

२३ मार्च, रविवार

वह्या कपाटावरच्या पेटीत होत्या. चार वर्षांपूर्वीची निळी. ज्या दिवशी दार पहिल्यांदा दुप्पट उघडलं तो दिवस मला पाठ आहे, ९ नोव्हेंबर, सरळ तेच पान काढलं. जसंच्या तसं उतरवते:

'सकाळी काकांनी डोकं खाल्लं. म्हणे तिसऱ्याचं जरा जास्त घालावं लागेल, सारखं घातलं तर बाकीचे दोघे त्याच्याआधी जागा भरून टाकतात. म्हटलं, काका, हे काय स्वयंपाकघर आहे का, अंदाजाने घालायला? तुमचं काम हाताचं, डोक्याचं माझ्याकडे राहू द्या. सगळे हसले. बिचारे लागले कामाला. आणि दुपारी पूर्वीचीच अंडी पुन्हा मोजली, ढिम्म. पण १२ तारखेची वाट बघते, काकांनी आज नवी टोचली आहेत.'

आणि १२ नोव्हेंबर, पानभर मोठ्या अक्षरात: 'दुप्पट उघडलं! तेही समप्रमाणात! काका म्हणत होते जास्त लागेल. त्यांना दाखवून दिलं. नुसते हसले.'

मला वाटत होतं पाठ आहे आणि तारीखसुद्धा चुकीची पाठ होती.

लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला. अक्षर माझं, शाई माझी, 'बिचारे' हा शब्दही माझाच. काखेत कळसा आणि मी दोन आठवडे पाण्यात जस्त शोधत होते. पुढची पानं चाळली तर जानेवारीत आहे, 'तिसरा पुन्हा संपला, काका म्हणतात लागतो तेवढा, म्हटलं सांडू नका.' मेमध्ये परत तेच. इतकं सगळं लिहून ठेवलं आणि एकदाही वाचलं नाही.

२४ मार्च, सोमवार

काकांकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दुसरा मजला, खिडकीशी टेबल, त्यावर शेजाऱ्यांचे मोडके चष्मे ओळीने मांडलेले. एकाचा स्क्रू बसवत होते. मी आत आल्यावरही आधी तो स्क्रू पूर्ण बसवला.

"काका, तुम्ही सांगितलं होतं. नऊ नोव्हेंबरला."

"तारीख नव्हती लक्षात."

"मी नको म्हटल्यावरही घातलंत?"

"काम तर व्हायला पाहिजे होतं ना, मॅडम. वाटलं, उघडलं की सांगू, मग ऐकाल."

"मग उघडल्यावर का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा उजेडात धरून बघितला. "तुम्ही इतक्या खूश होतात," ते म्हणाले. "आणि मग एकदा लेख छापून आल्यावर काय बोलायचं? चूक माझीही आहे. लेखाचा कागद तुम्ही भिंतीवर लावलात तेव्हा मी वाचला होता."

मग त्यांनी तिसऱ्याबद्दल सांगितलं. फिकट अंड्यात किती, गडद अंड्यात किती, साधारण चार वेळा दाबलं तर काय होतं, सहा वेळा दाबलं तर निम्मी दारं जुन्या स्वभावाची आणि निम्मी नव्या स्वभावाची कशी होतात. सहा! हे मला ठाऊकच नव्हतं. दोनदा मधे बोलायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सोपं नाही ते. पाऊण तास ते बोलत होते. बोलायची आवड नाही म्हणून मी ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते हेच काका.

२७ मार्च, गुरुवार

लेख मागे घेतला. दुरुस्ती नाही, अख्खा लेख. त्याचं म्हणणंच खोटं आहे तर त्याला ठिगळ कुठे लावणार?

पत्रात लिहिलं: 'छापलेलं प्रमाण चुकीचं आहे. खरं प्रमाण आमच्या तंत्रज्ञांना माहीत होतं. त्यांनी ते मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.'

मोठ्या सरांनी डोळे उघडून वाचलं. "शेवटचं वाक्य शास्त्रीय नाही," म्हणाले.

म्हटलं, "'कार्यपद्धती' या मथळ्याखाली घालू."

पाठवलं. नंतर खोलीत येऊन भिंतीवरचा कागद काढला. मागे भिंतीचा चौकोन पांढराशुभ्र निघाला, तो बघून रडू आलं. अकरा वर्षं. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "एवढं कशाला केलंत?" आणि मग, "सोमवारी येऊ का? चार, सहा, आठ, दहा असं एकदा मोजून घालू या. लिहून घ्यायला कुणीतरी बसा."

२८ मार्च, शुक्रवार

टाचणीला बोलावलं. विचारलं, दहा तारखेला जुन्या वहीचं काय म्हणत होतीस?

"तिसरा आरएनए पाचपट वेळा बनवलाय अशी नोंद होती, मॅडम. म्हटलं काका जास्त घालत असतील. तेच विचारत होते."

दहा तारखेला! मला आठवडाभर पाणी, मीठ आणि बेडक्या बदलू दिल्या, आणि ही— तोंड उघडलंच होतं. मिटलं. खुर्ची पुढे ओढली, वही घेतली आणि म्हटलं, "अजून काय काय आहे? बोल."

आधी तिने दाराकडे बघितलं, मग बसली. वीस मिनिटं बोलली. सात मुद्दे होते. चार बरोबर आहेत. एक मला इतका झोंबला की तो पाचवा धरायला हवा.

२९ मार्च, शनिवार

फ्रिजवर चिठ्ठी नव्हती. सिंकखाली बघितलं तर पाइप नवा होता. कधी बसवला? विचारलं तर नवरा म्हणाला, "मंगळवारी. सांगितलं होतं."

त्याच्या समोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, "पंधरा दिवसांपूर्वी, त्या शुक्रवारी, तू 'मला वाटतं' म्हणालास आणि मी उठून गेले. काय वाटत होतं?"

त्याने पुस्तक मिटलं. खूप वेळ विचार केला, अगदी मनापासून. मग म्हणाला, "आता आठवत नाहीये गं."

आठवेल म्हणून मी बसून आहे.